राखेचा कण, प्लास्टिक आणि मधली सीमा: नॅनो-इन्फ्रारेड मोजमाप कमी वेळात कसं उरकायचं

विदर्भात फ्लाय ॲशवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना तोटा नाही. कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीजकेंद्रं नागपूरच्या हाकेच्या अंतरावर, राख मुबलक. ती पॉलिप्रॉपिलीनमध्ये मिसळायची, कपलिंग एजंट (राख आणि प्लास्टिक यांना जोडणारा पदार्थ) म्हणून मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन थोडं घालायचं, पट्ट्या ओतायच्या आणि ताणून बघायच्या. ताकद वाढलेली दिसते. मग व्हायव्हात प्रश्न येतो: राखेचा कण आणि प्लास्टिक यांच्या सीमेवर नेमकं काय घडलं? कपलिंग एजंट तिथे जाऊन बसला, की सगळीकडे सारखाच पसरला?

विभागातला एटीआर-एफटीआयआर (पदार्थ कुठला इन्फ्रारेड प्रकाश शोषतो ते मोजणारं उपकरण) इथे हात टेकतो. तो मिलिमीटरभर भागाची सरासरी देतो. सूक्ष्मदर्शक जोडलेला एफटीआयआर मिळाला तरी प्रकाशाची तरंगलांबी आडवी येते. मिड-इन्फ्रारेड म्हणजे २.५ ते २५ मायक्रोमीटर, आणि साध्या भिंगांनी दिसणारा बारकावा साधारण तेवढ्याच मापाचा असतो. सीमेवरचा थर त्याहून कितीतरी पातळ.

यावर तोडगा निघाला एएफएमच्या, म्हणजे अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या, टिपमधून. टिप म्हणजे पृष्ठभाग चाचपणारी त्याची अतिसूक्ष्म सुई. टिपचं टोक वीस-तीस नॅनोमीटरचं. प्रकाशाचा परिणाम त्या टोकाखाली काय झाला एवढंच मोजलं, तर बारकावा टोकाच्या मापाचा होतो, तरंगलांबीचा उरत नाही. हेच नॅनो-इन्फ्रारेड. अशा मोजमापात वेळ अतोनात जातो, आणि ही यंत्रं मोजकी असल्यामुळे वाट्याला येतो दिवस-दोन दिवसांचा स्लॉट. माझं ठाम मत असं की नॅनो-इन्फ्रारेडमधला वेग बराचसा नागपुरातच, यंत्राकडे निघण्याआधी कमवावा लागतो. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे. उदाहरण राख-पॉलिप्रॉपिलीनचं घेतलंय, पण क्रम कुठल्याही मिश्र पदार्थाला लागू पडेल.

काम खरंच नॅनोचं आहे का?

आधी एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) आणि साधा एएफएम करून घ्या. ज्या गोष्टीचं रसायन ओळखायचंय तिचा आकार किती, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आकार वीस मायक्रोमीटरच्या वर असेल तर सूक्ष्मदर्शकाचा एफटीआयआर पुरतो. एकापासून वीस मायक्रोमीटरपर्यंत असेल तर ऑप्टिकल फोटोथर्मल इन्फ्रारेड ही मधली वाट बघा. त्यात इन्फ्रारेडने तापलेला ठिपका दृश्य प्रकाशाच्या लेझरने वाचतात, म्हणून बारकावा अर्ध्या मायक्रोमीटरपर्यंत जातो, टिप लागत नाही आणि वेळही थोडा लागतो. अंबाझरी तलावातलं किंवा नाग नदीतलं मायक्रोप्लास्टिक ओळखायचं असेल तर बहुतेक वेळा एवढंच पुरेसं आहे. कापसाच्या तंतूवर रासायनिक लेप सगळीकडे चढला का, हाही याच पातळीवरचा प्रश्न. तंतूची जाडीच दहा-वीस मायक्रोमीटर असते. मात्र त्या लेपाची जाडी आडव्या कापात बघायची असेल, किंवा आपल्यासारखी सीमा तपासायची असेल, तर नॅनोला पर्याय नाही.

आणखी एक काम इथेच उरका. मिश्रणातल्या प्रत्येक घटकाचा शुद्ध स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वेव्हनंबरचा (एका सेंटिमीटरमध्ये बसणाऱ्या लहरींची संख्या) प्रकाश किती शोषला जातो याचा आलेख, विभागातल्या एटीआरवर काढून ठेवा: पॉलिप्रॉपिलीन, कपलिंग एजंट, राख आणि काप घेण्यासाठी वापरणार असाल ती इपॉक्सीसुद्धा. पुढचा सगळा निर्णय या चार आलेखांवर उभा राहतो. ते नसतील तर महागड्या यंत्रासमोर बसून शिखरं ओळखण्यातच अर्धा दिवस जातो.

एएफएम-आयआर की एस-स्नॉम?

पॅरिसजवळ ओर्से इथे अलेक्झांद्र दाझी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एएफएम-आयआर दाखवलं. कल्पना सरळ आहे. इन्फ्रारेडचा झोत जिथे शोषला जातो तिथे पदार्थ तापतो आणि उन्हातल्या रुळासारखा प्रसरण पावतो. ही हालचाल अगदी किरकोळ, पण टेकलेल्या टिपला ती जाणवते. लेझरच्या स्पंदांची गती कॅन्टिलिव्हरच्या (टिप जिच्यावर बसलेली असते त्या लवचिक पट्टीच्या) कंपनाशी जुळवली की सिग्नल अनेक पटींनी वाढतो. यासाठी लागणारा क्वांटम कॅस्केड लेझर १९९४ मध्ये बेल लॅब्जमध्ये पहिल्यांदा चालला, आणि आज वेगाने चित्रं काढता येतात त्याचं मोठं श्रेय त्याच्याकडे जातं.

दुसरी पद्धत एस-स्नॉम. यात धातूचा मुलामा दिलेली टिप पृष्ठभागावर हलकी ठोके देत फिरते आणि तिच्यावरून विखुरलेला प्रकाश मोजतात. क्नोल आणि कायलमान यांनी १९९९ मध्ये ती इन्फ्रारेडमध्ये रासायनिक फरक ओळखण्यासाठी वापरून दाखवली. रुंद पट्ट्याचा प्रकाश आणि इंटरफेरोमीटर (झोत दोन वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र करणारं साधन) जोडला की तिला नॅनो-एफटीआयआर म्हणतात.

निवडताना बघायचं ते हे की उत्तर कुठल्या घटकात दडलंय. पॉलिमर तापल्यावर चांगले फुगतात, म्हणून एएफएम-आयआरमध्ये ठळक दिसतात, आणि मिळणारा स्पेक्ट्रम एटीआरच्या आलेखाशी सरळ ताडून बघता येतो. राखेतली सिलिका आणि ॲल्युमिनोसिलिकेटं फारशी फुगत नाहीत, त्यामुळे तिथे सिग्नल मंद. एस-स्नॉममध्ये उलट आहे. सिलिकेटं झळाळून दिसतात, पॉलिमरची शिखरं बारीक येतात. सिलिकासारख्या जोरकस पदार्थांची शिखरं तिथे सरकतातही: शोषणात १०८० प्रति सेमीच्या आसपास दिसणारी सिलिका एस-स्नॉममध्ये ११३० च्या जवळ जाते. ही सरक माहीत नसली तर माणूस नवीनच संयुग सापडल्याच्या आनंदात राहतो.

आपला प्रश्न कपलिंग एजंटचा, म्हणजे पॉलिमरच्या बाजूचा. तेव्हा एएफएम-आयआर घ्या. राखेच्या पृष्ठभागावरचं खनिज कसं बदललं हा प्रश्न असता तर मी एस-स्नॉम घेतला असता.

यंत्र शोधायला आय-स्टेम पोर्टल उघडा. देशभरातल्या सार्वजनिक पैशातून घेतलेल्या उपकरणांची नोंद तिथे असते आणि स्लॉटही तिथूनच मागता येतो. अर्ज करताना लेझरचा पट्टा कुठून कुठपर्यंत आहे हे आधी विचारा. कार्बोनिलचं (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचं) शिखर हवंय आणि लेझर १६०० ला थांबतो, अशी गत झाली तर प्रवास वाया जातो.

वेळेचं गणित कागदावर मांडा

समजा तुम्हाला एक मायक्रोमीटर बाय एक मायक्रोमीटर भागाचा पूर्ण रासायनिक नकाशा हवाय. दर १० नॅनोमीटरला एक बिंदू, म्हणजे १०० गुणिले १००, दहा हजार बिंदू. प्रत्येक ठिकाणी पूर्ण स्पेक्ट्रमला १० सेकंद धरा. झाले एक लाख सेकंद, म्हणजे जवळपास २८ तास.

स्लॉट तेवढा मिळाला तरी नकाशा मिळत नाही. तापमान किंचित हललं तरी सॅम्पल टिपखालून सरकत राहतं. ही सरक मिनिटाला फक्त १ नॅनोमीटर धरली तरी २८ तासांत ती १६०० नॅनोमीटरच्या वर जाते. चित्रच एक हजार नॅनोमीटरचं. सुरुवातीला जो कण चौकटीत होता तो शेवटी बाहेर गेलेला असतो. म्हणून वेगाने मोजणं ही नुसती सोय नाही, नकाशा खरा राहावा यासाठीची अट आहे.

आता दुसरा हिशेब करा. लेझर एकाच वेव्हनंबरवर बसवला आणि २५६ ओळींचं चित्र दोन सेकंदांना एक ओळ या गतीने काढलं, तर एका चित्राला साडेआठ मिनिटं लागतात. नीट निवडलेल्या चार वेव्हनंबरची चार चित्रं ३५ मिनिटांत होतात. त्यानंतर चित्रात बघून ठरवलेल्या ४० बिंदूंवर प्रत्येकी ३० सेकंदांचा स्पेक्ट्रम घेतला तर आणखी २० मिनिटं. प्रश्नाचं उत्तर तासाभरात हातात येतं आणि तेवढ्यात सॅम्पल साठेक नॅनोमीटर सरकतं. ती सरक नंतर दुरुस्त करता येते.

सरासरीचा हव्यासही इथेच आवरायला हवा. नॉइज अर्धा करायचा तर वेळ चौपट लागतो, एक तृतीयांश करायचा तर नऊपट. सिग्नल कमी वाटला तर आधी सॅम्पल, टिप आणि लेझरची नेमकी जागा तपासा. सरासरी हा शेवटचा उपाय ठेवा.

कुठले वेव्हनंबर घ्यायचे

सगळा वेळ वाचतो तो इथे, म्हणून जरा थांबून बघू.

पॉलिप्रॉपिलीनसाठी १३७६ घ्या. हे मिथाइल गटाचं शिखर ठळक आणि एकटं असतं. १४५६ पण चालतं, पण तिथे इपॉक्सीचीही शिखरं आसपास येतात. इपॉक्सी ओळखायला १५१० उत्तम, ते तिच्या बेंझिन वलयांचं आहे आणि पॉलिप्रॉपिलीन तिथे गप्प असतं. राखेसाठी १०८० च्या आसपासचा रुंद पट्टा.

कपलिंग एजंटचं काम नाजूक. बंद वलयाचं अनहायड्राइड १७८५ जवळ दिसतं. वलय उघडून ॲसिड झालं की शिखर १७१५ कडे येतं. राखेच्या पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटाशी एस्टर बंध झाला तर १७३५ च्या जवळपास. म्हणजे तुमच्या प्रबंधाचा गाभा या सत्तर एककांच्या पट्ट्यात आहे. शिखरं एकमेकांत मिसळलेली असतात, तेव्हा एकेका वेव्हनंबरच्या चित्रावर विसंबून भागणार नाही. इथे १६५० ते १८५० एवढाच पट्टा, पण बारीक टप्प्यांनी मोजा. पूर्ण ९०० ते १९०० मोजण्याच्या तुलनेत वेळ पाचव्या हिश्शावर येतो. एक सावधगिरी: पॉलिप्रॉपिलीन एक्सट्रूडरमध्ये तापून ऑक्सिडाइझ झालं तरी १७१५ ला शिखर येतं. राख आणि एजंट न घातलेलं, पण त्याच तापमानातून गेलेलं पॉलिप्रॉपिलीन सोबत न्या.

एजंटमध्ये जोडलेल्या अनहायड्राइडचं प्रमाण साधारण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं, आणि तो एजंटही मिश्रणात थोडाच घातलेला. सिग्नल दुबळाच असणार. म्हणून शुद्ध एजंटची पातळ फिल्म वेगळी बनवून न्या. यंत्राला ती तरी दिसते का, हे पहिल्यांदा बघायचं.

एक चित्र अशा वेव्हनंबरवर काढा जिथे कोणीच काही शोषत नाही. आपल्या उदाहरणात १५५०. हे चित्र कोरं यायला हवं. त्यात कणाची कड उजळ दिसली तर समजा की ती रसायनामुळे नाही, कडकपणातल्या फरकामुळे किंवा उंचसखलपणामुळे दिसतेय. कोऱ्या चित्राला साडेआठ मिनिटं द्यायला विद्यार्थी का-कू करतात. पण बाकीच्या चित्रांवर विश्वास ठेवायचा की नाही ते हेच ठरवतं.

काप

टिपला सपाट जमीन लागते. पट्टीचा तुटका पृष्ठभाग चालणार नाही. अल्ट्रामायक्रोटोमने (अतिपातळ काप घेणाऱ्या यंत्राने) २०० ते ३०० नॅनोमीटर जाडीचे काप घेऊन ते सोन्याचा थर दिलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यावर ठेवा. सोन्यामुळे टिपखालचं क्षेत्र तीव्र होतं आणि पातळ कापातूनही सिग्नल मिळतो. काप फार जाड झाला तर खालच्या भागातली उष्णता वरच्या चित्रात मिसळते आणि बारकावा जातो.

पॉलिप्रॉपिलीन खोलीच्या तापमानाला मऊ असतं, सुरीखाली दबतं आणि ओढलं जातं. त्यामुळे काप थंडीतच, उणे ८० ते उणे १०० अंशांवर घ्यायचे. राखेची अडचण वेगळी. कडक गोळ्या सुरीला लागून निखळतात, मागे खड्डा राहतो, आणि हिऱ्याच्या सुरीची धार जाते ती वेगळीच. ज्यांची सुरी आहे ते याच कारणाने राखेचं सॅम्पल नाकारतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. नॅनो मोजमापासाठी वेगळी छोटी खेप बनवा: राख बारीक चाळून आणि पाण्यात निवळवून पाच मायक्रोमीटरच्या आतले कण घ्या, प्रमाण कमी ठेवा, बाकी प्रक्रिया तीच. आधीचे काप काचेच्या सुरीने घेऊन भाग सपाट करा आणि शेवटचेच हिऱ्याने घ्या.

एएफएमवर आधी कापांची पाहणी करा. जिथे कण जागेवर आहे आणि कडेशी पायरी पन्नास-शंभर नॅनोमीटरपेक्षा जास्त नाही, अशा चार-पाच जागांचे फोटो ऑप्टिकल सूक्ष्मदर्शकाखाली खुणांसह काढून ठेवा. तिकडे गेल्यावर जागा शोधण्यातला तासभर वाचतो.

डबी, पाऊस आणि प्रवास

आता अशी गोष्ट, जिच्यामुळे चांगली चित्रं निकालात निघतात. नाजूक सॅम्पल चिकट जेल असलेल्या डबीत ठेवायची सर्रास पद्धत आहे, आणि एएफएमच्या टिपही तशाच डबीत येतात. ते जेल सिलिकोनचं. त्यातलं सुटं सिलिकोन तेल हळूहळू चढतं आणि सॅम्पलवर अगदी पातळ थर धरतं. साध्या एफटीआयआरला तो दिसत नाही, नॅनो-इन्फ्रारेडला लख्ख दिसतो. त्याची शिखरं १२६० ला, १००० ते ११०० या पट्ट्यात आणि ८०० ला.

राखेचा पट्टा कुठे होता? १०८० ला. म्हणजे प्लास्टिकवर पसरलेलं डबीतलं सिलिकोन तुम्हाला सीमेपलीकडे विरघळलेल्या सिलिकेटसारखं दिसेल, आणि ते चित्र इतकं मोहक असतं की शंका येत नाही. ओळखायचं १२६० वर. पॉलिप्रॉपिलीनचंही १२५६ ला एक बारकं शिखर आहे, म्हणून तुमच्या एटीआरच्या आलेखाशी उंचीचं प्रमाण ताडून बघा. १२६० ला धारदार, उंच शिखर आलं तर ते सिलिकोनच. सॅम्पलसाठी काचेची किंवा स्वच्छ पॉलिस्टायरिनची पेट्री डिश घ्या, तुकडा कडेने कार्बन टेपवर चिकटवा आणि जेल पूर्ण टाळा. टिप जेलवरच येणार असेल तर सोन्याच्या कोऱ्या जागेवर तिचा स्पेक्ट्रम घेऊन १२६० ला काही दिसतं का ते तपासा. दिसलं तर दुसरी टिप लावा.

हवेचंही बघा. पावसाळ्यातली दमट हवा अनहायड्राइडचं वलय उघडते, मग १७८५ घटतं आणि १७१५ वाढतं. सीमेवर अभिक्रिया झाली असं वाटावं, आणि ती झालेली असावी कपाटात. उन्हाळ्यातही निश्चिंत राहू नका. नागपुरात मे महिन्यात बाहेरची हवा कोरडी असते हे खरं, पण ज्या खोलीत डेझर्ट कूलर चालतो तिथली हवा दमटच. सॅम्पल ताज्या सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवा आणि डेसिकेटर कूलरच्या खोलीत ठेवू नका.

पारा ४५ च्या वर गेलेला असताना बंद गाडीत डबी ठेवून जेवायला जाऊ नका. पॉलिप्रॉपिलीनला त्याने काही होणार नाही, पण पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड हे प्लास्टिक) साधारण ६० अंशांना मऊ व्हायला लागतो आणि बंद गाडीत डॅशबोर्डवर तेवढं सहज होतं. रेल्वेने जात असाल तर डबी हातातल्या पिशवीत ठेवा, बर्थखाली सामानात नको.

यंत्रावर बसल्यावर

पहिला तास मोजायच्या घाईत घालवू नका. लेझर, स्कॅनर आणि सॅम्पल एका तापमानाला येऊ द्या. त्या वेळात प्रकाशाच्या वाटेत कोरडा नायट्रोजन किंवा कोरडी हवा सोडून ठेवा. पाण्याच्या वाफेच्या रेघा १४०० ते १९०० मध्ये दाटीने असतात आणि तुमचा कार्बोनिलचा पट्टा नेमका त्यांच्यात येतो. वाफ गेली नाही तर स्पेक्ट्रमवर बारीक काटे दिसतात. ते नंतर काढून टाकायची सॉफ्टवेअरमध्ये सोय असते, पण मुळात ते येऊच नयेत हे बरं.

मग ओळखीच्या सॅम्पलवर, पीएमएमएच्या (ॲक्रिलिक प्लास्टिकच्या) फिल्मवर, १७३० चं शिखर आपल्या जागी येतं का ते बघा. पार्श्वभूमीची मोजणी घ्या. प्रत्येक वेव्हनंबरवर लेझरची शक्ती वेगळी असते आणि झोतही किंचित सरकतो, म्हणून तुम्ही निवडलेल्या प्रत्येक वेव्हनंबरवर झोत टिपवर नेमका बसतोय ना, हे ऑपरेटरकडून करून घ्या.

लेझरची शक्ती कमीवरून वाढवत न्या. शक्ती दुप्पट केल्यावर सिग्नलही दुप्पट झाला तर ठीक. तो सरळ रेषेत वाढेनासा झाला, किंवा दुसऱ्यांदा काढलेल्या उंचीच्या चित्रात चौकोन उमटला, तर पॉलिमर वितळतोय. मागे या. वेळ वाचवायला शक्ती वाढवण्याचा मोह होतो, पण जळालेल्या जागेवरचं मोजमाप टाकूनच द्यावं लागतं.

वेग कुठपर्यंत वाढवायचा याचा हिशेब सोपा आहे. दोन सेकंदांची एक ओळ म्हणजे जाताना एक सेकंद, २५६ बिंदू, प्रत्येक बिंदूला सुमारे ४ मिलिसेकंद. लॉक-इन ॲम्प्लिफायरचा (ठरलेल्या गतीचाच सिग्नल वेचणाऱ्या वर्धकाचा) टाइम कॉन्स्टंट, म्हणजे तो जेवढ्या वेळाची सरासरी घेतो तो काळ, या ४ मिलिसेकंदांच्या एक तृतीयांश किंवा कमी हवा, म्हणजे एक मिलिसेकंदाच्या आसपास. तो मोठा ठेवलात तर प्रत्येक बिंदूचं उत्तर शेजारच्या बिंदूत ओघळतं आणि सीमा खोटीच रुंद दिसते. तुम्ही सीमेची जाडी मोजायला आलेला आहात हे लक्षात ठेवा. जाताना आणि येताना काढलेली चित्रं एकमेकांवर ठेवून बघा. सीमा दोन्हींत एकाच जागी आली तर वेग योग्य. नसेल तर ओळ सावकाश करा.

राख कडक आणि प्लास्टिक मऊ, म्हणून टिप एकावरून दुसऱ्यावर गेली की कॅन्टिलिव्हरची कंपनसंख्या बदलते. लेझरची स्पंदगती तिच्यामागे आपोआप जुळवणारी सोय चालू ठेवा. ती बंद असली तर सगळं चित्र कडकपणाचंच निघतं.

क्रम असा ठेवा: आधी उंचीचं चित्र, मग १३७६, १०८०, १५५०, १२६०. शेवटी पुन्हा १३७६. पहिलं आणि शेवटचं १३७६ ताडून बघितलं की सॅम्पल किती सरकलं आणि टिप किती झिजली, दोन्ही कळतं. त्यानंतर कणाच्या केंद्रातून प्लास्टिककडे जाणाऱ्या सरळ रेषेवर दर १० किंवा २० नॅनोमीटरला १६५० ते १८५० चा स्पेक्ट्रम घ्या. पूर्ण चौकोनाच्या नकाशापेक्षा ही एक रेष सीमेबद्दल जास्त सांगते, आणि दहा हजारांऐवजी चाळीस-पन्नास बिंदूंत काम होतं.

हल्ली मोजके यादृच्छिक बिंदू मोजून बाकीचा नकाशा गणिताने भरायच्या पद्धती वापरतात. दोन-तीन घटकांच्या मिश्रणात, जिथे प्रत्येक घटकाने बरीच जागा व्यापलेली असते, तिथे त्या छान चालतात आणि वेळ खूप वाचवतात. पण पातळ सीमेचं रसायन जर कुठेच पुरेसं मोजलं गेलं नसेल तर गणित ते कुठून आणणार? आपल्या कामाला रेषच बरी.

नॅनो-एफटीआयआर मिळाला तर

काही जणांच्या वाट्याला एस-स्नॉमचा इंटरफेरोमीटर येईल. तिथे वेळ जातो आरसा हलवण्यात. ८ प्रति सेमी इतक्या बारकाव्यासाठी प्रकाशाच्या वाटेतला फरक १.२५ मिलिमीटर लागतो. ४००० प्रति सेमीपर्यंतचं सगळं पकडायचं तर दर १.२५ मायक्रोमीटरला नोंद घ्यावी लागते, म्हणजे एका बाजूला १००० नोंदी.

तुमचा प्रकाश मात्र ९०० ते १८०० एवढाच असेल, तर नोंदी दर साडेपाच मायक्रोमीटरला घेतल्या तरी माहिती हरवत नाही. पट्टा गणितात दुमडून खाली येतो आणि तो पुन्हा उलगडता येतो. नोंदी २२५ वर येतात, चौथ्या हिश्शाहून कमी. अट दोन: पट्ट्याबाहेरचा प्रकाश फिल्टरने पूर्ण अडवलेला हवा, नाहीतर तोही दुमडून तुमच्या शिखरांवर बसेल, आणि कडांना थोडी जागा मोकळी सोडून नोंदींची संख्या जरा वाढवून घ्या. डिटेक्टरचा नॉइज यात कमी होत नाही. वाचलेल्या वेळातला काही भाग प्रत्येक नोंदीवर जास्त थांबण्यात घाला.

१८०० च्या ऐवजी १८५० लागत असेल, जसं आपल्याला लागतं, तर पट्टा ९५० ते १८५० घेऊन हिशेब नव्याने करा. दुमडण्याची रेघ पट्ट्याच्या आत आली तर शिखरं एकमेकांवर पडतात.

सिग्नल टिपच्या ठोक्यांच्या दुसऱ्या ऐवजी तिसऱ्या किंवा चौथ्या हार्मोनिकवर, म्हणजे ठोक्यांच्या गतीच्या तिप्पट किंवा चौपट कंपनसंख्येवर, वाचा. दूरचा विखुरलेला प्रकाश त्यात गळून जातो. चौथ्यावर सिग्नल फार बारीक होतो, आणि वेळ कमी असेल तर तिसरा हाच व्यवहारी मध्य.

परत आल्यावर

उंची आणि सिग्नलची चित्रं ग्विडिऑनमध्ये उघडा, स्पेक्ट्रम क्वेसारमध्ये. ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि विभागातल्या साध्या संगणकावर चालतात.

पहिलं काम सरक काढणं. प्रत्येक वेव्हनंबरच्या चित्रासोबत उंचीचं चित्रही साठलेलं असतं. ती उंचीची चित्रं एकमेकांशी जुळवा, जेवढं सरकवावं लागलं तेवढंच रासायनिक चित्र सरकवा, आणि मगच एका चित्राला दुसऱ्याने भागा. न जुळवता भागलेल्या चित्रात कणाच्या एका कडेला उजळ आणि दुसऱ्या कडेला काळी चंद्रकोर येते. ती दिसली की समजा जुळणी चुकली. सीमेवरचा थर कणाच्या सगळ्या बाजूंनी असतो, एकाच बाजूला नाही.

रेषेवरचे स्पेक्ट्रम प्रत्येकी, १३७६ च्या चित्रातल्या त्याच बिंदूच्या सिग्नलने प्रमाणित करा, मग १७१५, १७३५ आणि १७८५ चे तीन आकार बसवून त्यांचं प्रमाण अंतरासमोर मांडा. सोबत एजंट न घातलेल्या सॅम्पलची तीच रेष. दोन्हींत १७३५ सारखंच चढत असेल तर तो एजंटचा परिणाम नाही. एजंटच्याच सॅम्पलमध्ये सीमेपासून शंभरेक नॅनोमीटरच्या आत १७३५ वाढलेलं असेल आणि दूर नसेल, तर गाइडसमोर ठेवायला काहीतरी आहे.

एका कणावरून निष्कर्ष लिहू नका. वेगवेगळ्या कापांतले किमान तीन कण, त्यांतला एक तरी नव्या टिपने आणि चौकट ९० अंशांत फिरवून मोजलेला हवा. चौकट फिरवल्यावर सीमेवरचा थरही तसाच फिरला पाहिजे. तो स्कॅनच्याच दिशेला चिकटून राहिला तर ती टिपची सावली आहे.

पेपरच्या पद्धती विभागात हे लिहा: टिपचा प्रकार, लेझरची शक्ती, स्पंदगती, ओळीचा वेग, टाइम कॉन्स्टंट, कापाची जाडी, खोलीतली आर्द्रता आणि काप घेतल्यापासून मोजेपर्यंत गेलेले दिवस. कोरं १५५० आणि सिलिकोनचं १२६० ही दोन्ही चित्रं पुरवणीत जोडा.